सत्तरीपुढचा एक टक्का

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनानं भरून घेतेस, म्हणून लिहितेय. सोबतचं जाडजूड पुस्तक पाहून घाबरू नकोस, आमच्या पाहणीचा अहवाल आहे. यावर मी दोन वर्षं घासली आहेत. पहिल्या पानामागे अगदी बारीक अक्षरात माझं नाव आहे, चष्मा लावून बघ.

सगळीकडे चर्चा आहे ती मधल्या एका तक्त्याची. प्रश्न साधा होता: तुम्ही स्वतःला समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी किंवा अशांपैकी कोणी मानता का? पंचविशीच्या आतल्या शंभरांत बावीस जण 'हो' म्हणाले. चाळिशीच्या आसपास आठ. साठीच्या आसपास तीन. सत्तरीपुढे एक. बाबांनी तो तक्ता पाहिला आणि जेवता जेवता जाहीर केलं की या हिशेबानं आणखी पन्नास वर्षांत सगळेच्या सगळे तसलेच निघणार आणि माणूस नावाचा प्राणी संपणार. आई म्हणाली, तोवर भात तरी संपवा. मी कपाळाला हात लावला.

तुझे आभार मानायचे आहेत. तरुण मंडळींनी आपापल्या फोनवर एकट्यानं उत्तरं भरली. वयस्कर माणसांना ते झेपणार नाही, त्यांना घरी जाऊन तोंडी विचारावं, ही कल्पना माझी, आणि ती सुचली तुझ्यामुळे. आठवतं ना, आमच्या जेवणाच्या टेबलावर मी तुझ्यावर प्रश्नांची रंगीत तालीम केली होती? सगळे बसले होते, तुझ्यासोबत आलेल्या बाईसुद्धा होत्या. तू कशी पटापट उत्तरं दिलीस! त्या प्रश्नाला तर सगळ्यांत पटकन. पुढे खऱ्या पाहणीतही तेच निघालं. सत्तरीपुढची माणसं त्या प्रश्नाला सगळ्यांत कमी वेळ घेतात. अडखळणं नाही, आढेवेढे नाहीत. म्हणून मी अहवालात लिहिलं आहे की ज्येष्ठांची उत्तरं सर्वांत खात्रीची धरावीत.

गुडघे कसे आहेत? बाईंना नमस्कार.

तुझी ठिणगी


१५ फेब्रुवारी

ठिणगे,

अहवाल पोचला. पोस्टमननं तो दारात टाकला तेव्हा बाईला वाटलं, जिन्यात कोणी पडलं. मग तिनं भिंग घेऊन तुझं नाव शोधून काढलं. म्हणाली, नकाशात वाडीवस्तीचं नाव याहून मोठं छापतात. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण मग तिनंच ते पान मला दोनदा दाखवलं आणि खूण घालून ठेवली.

गुडघ्यांचं काय विचारतेस. तिसरा मजला आता परदेश वाटतो. बाईला डाव्या डोळ्यानं दिसत नाही, मला उजव्या कानानं ऐकू येत नाही, दोघी मिळून जेमतेम एक धड माणूस होतो. म्हणून ज्येष्ठ निवासात अर्ज केला आहे. तिथे जिने नाहीत म्हणे, रात्रपाळीला नर्स असते. मी इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी रात्री जागले, आता माझ्यासाठी कोणी जागलं तर बिघडलं कुठे? फक्त दोन खाटांची एक खोली आम्हा दोघींना मिळायला हवी. नियम असा आहे की ती नवरा-बायकोला नाहीतर सख्ख्या भावंडांना देतात. बाकीच्यांनी जिथे खाट रिकामी असेल तिथे जायचं. बाई म्हणते, मिळेल. मला धाकधूक आहे.

तुझा तक्ता पाहिला. एक विचारू? सत्तरीपुढचा तो जो एक टक्का आहे, त्यांचं पुढे काय करतात? म्हणजे आकडा छापून झाल्यावर.

तुझी ती रंगीत तालीम आठवते मला. चांगली आठवते.

आत्या


२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

एका टक्क्याचं काय करतात? काही नाही करत! इतक्या लहान आकड्यात निम्मे चुकून 'हो' म्हणालेले असतात. कोणाला प्रश्नच नीट ऐकू गेला नाही, कोणी चेष्टा केली, कधी आमच्याच माणसाचं बोट भलतीकडे लागलं. याला आम्ही गोंगाट म्हणतो. गोंगाटाकडे लक्ष द्यायचं नसतं.

बाबांना मात्र मी बसवून समजावलं. म्हटलं, बावीस टक्के म्हणजे तशी माणसं वाढली असं नाही, सांगणारी वाढली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त तर मुली आहेत, मुलगेही आवडतात आणि मुलीही आवडतात असं सांगणाऱ्या. पूर्वी अशी मुलगी मुकाट्यानं लग्न करून मोकळी झाली असती. आता तिला कोणी एकटीला, दार लावून विचारलं, तर ती सांगते. बाबांना पटलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही, म्हणजे थोडं पटलं असावं.

तुमच्या पिढीचं वेगळं. तेव्हा हे फारसं नव्हतंच. माणसं साधी होती.

आणि ज्येष्ठ निवास? मस्तच! एक खोली नाही मिळाली तरी काय बिघडलं? नव्या मैत्रिणी होतील. इतकी वर्षं एकमेकींची तोंडं बघून कंटाळा नाही आला तुम्हाला?

तुझी ठिणगी


५ मार्च

ठिणगे,

नाही आला.

मला सर्दी झाली आहे, लांब लिहीत नाही. बाईनं तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ खिडकीत उभी राहिली. खाली एक टेम्पो मागे घेत होते, तो कुठेतरी अडकला होता. चहा केला आहे म्हटलं तरी आली नाही.

तू दादाला जे समजावलंस, दार लावून विचारण्याचं, ते मी पुन्हा काढून वाचलं. ते चांगलं लिहिलं आहेस.

आत्या


१४ मार्च

प्रिय आत्या,

योगायोग बघ! तुमच्या त्या ज्येष्ठ निवासाच्या चिटणिसांचं आमच्या संस्थेला पत्र आलं. त्यांच्या समितीत कोणीतरी सूचना मांडली आहे की दोन खाटांची खोली नवरा-बायकोलाच का, जन्मभर जोडीनं राहिलेल्या दोन बायका किंवा दोन पुरुष असतील तर त्यांनाही द्या. चिटणिसांचा प्रश्न असा की या वयात अशी माणसं असतात तरी किती? काम माझ्याकडे आलं. मी एकपानी मत लिहून दिलं. सत्तरीपुढे एक टक्का, तुमच्याकडे खाटा साठ, म्हणजे हिशेबानं जेमतेम अर्धं माणूस भरतं. सबब नियम बदलण्याची गरज आकड्यांवरून दिसत नाही. चिटणीस खूश. म्हणाले, आजवर इतकं स्वच्छ उत्तर कोणी दिलं नव्हतं.

तुझं नाव मुद्दाम काढलं नाही, उगाच वशिला वाटायला नको. पण तुझ्या नव्या घराच्या नियमांवरून भाचीचा हात फिरला, हे तुला कळावं म्हणून सांगितलं. सर्दी गेली का?

तुझी ठिणगी


२० एप्रिल

प्रिय आत्या,

महिना उलटून गेला, तुझं पत्र नाही. घरी फोन केला तर नव्या भाडेकरूनं उचलला. बाबा म्हणाले, हलल्या असतील दोघी. इतक्या लवकर? मला कळवलंसुद्धा नाहीस. रागावलीस का? मी काही केलं का?

ठिणगी


२७ एप्रिल

मुली,

हे पत्र मी तुझ्या आत्याला न विचारता लिहिते आहे. तिला कळल्यावर ती भांडेल, ते माझं मी बघेन.

आम्ही निवासात येऊन पंधरवडा झाला. जुनं घर सोडलं आहे, त्यामुळे परत जाण्याचा प्रश्न नाही. तिला पुढच्या इमारतीत खाट मिळाली, मला मागच्या. मध्ये अंगण आहे आणि अंधार पडल्यावर या इमारतीतून त्या इमारतीत जायचं नाही असा नियम आहे. तिच्या खोलीतल्या बाई रेडिओ लावल्याशिवाय झोपत नाहीत. तुझ्या आत्याच्या पोटरीत रात्री गोळा येतो. तो कसा चोळायचा ते मला ठाऊक आहे, रात्रपाळीच्या नर्सला नाही. सकाळी विचारलं की ती म्हणते, छान झोप लागली. मला तिचा चेहरा वाचता येतो, निदान एका डोळ्यानं.

समितीत ती सूचना 'कोणीतरी' मांडली असं तू लिहिलंस. एका सभासदानं मांडली, पण त्याला गळ घातली होती तुझ्या आत्यानं, नाव न सांगण्याच्या अटीवर. त्यासाठी ती तीन वेळा गुडघे दुखवत इथे आली होती. तुझा कागद समितीत वाचून दाखवला तेव्हा आम्ही दोघी दाराबाहेरच्या बाकावर बसलो होतो. खाली सही कोणाची हेही वाचलं गेलं. साठ खाटांत अर्धं माणूस, हा तुझा हिशेब. अर्धं पुढच्या इमारतीत आहे, अर्धं मागच्या.

तुझ्या आत्याबरोबर मी चौतीस वर्षं राहते. तुम्ही सगळे मला बाई म्हणता म्हणून तुमच्यादेखत तीही बाई म्हणते. घरात ती मला काय म्हणते ते तुला सांगणार नाही, पण बाई म्हणत नाही. एवढं कळायला तुला तक्ता लागावा याचं मला नवल वाटतं.

त्या दिवशी टेबलावर तू सगळ्यांदेखत तिला तो प्रश्न विचारलास. तुझे बाबा म्हणाले, "हिचं ना कुठल्या बुवाशी जमलं, ना बाईशी!" सगळे हसले. ती पटकन म्हणाली, "माझ्यात त्यातलं काही नाही, पुढचं विचार." मी कपबशा गोळा करून आत गेले आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा धुतल्या. आम्ही घरी आलो. दार लावल्यावर ती खुर्चीवर बसली ती तशीच, मान खाली घालून. मी जेव म्हटलं तरी उठली नाही.

तू म्हणतेस, पटकन उत्तर म्हणजे खात्रीचं उत्तर. मुली, तो सराव आहे. परिचारिकांच्या वसतिगृहात, घरमालकांसमोर, स्वतःच्या भावासमोर तिनं जन्मभर तो केला आहे. आजच्या पोरी अडखळत असतील, त्यांना सराव कुठे आहे?

एकटीला दार लावून विचारलं तर माणूस सांगतं, हे तूच लिहिलंस. मग आमच्या वेळी तू दार का नाही लावलंस?

बाई


२ मे

प्रिय आत्या, आणि बाई,

पत्र ऑफिसात वाचलं. वाचून जिन्यात जाऊन बसले. कोणी विचारलं तर पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय म्हणजे काय ते मला आजवर माहीत नव्हतं.

मग सत्तरीपुढच्या मुलाखती पुन्हा उघडून बसले. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी खोलीत मुलगा किंवा सून किंवा नातवंडं होती. आमच्या माणसांनी तसं इमानेइतबारे लिहूनही ठेवलंय, मी ते कधी वाचलंच नाही. एका आजोबांच्या वतीनं तर सुनेनंच सांगितलं, "ते तसले नाहीत, पुढचं विचारा," आणि आम्ही ते आजोबांचं उत्तर म्हणून धरलं. सगळ्यांत कमी वेळात आलेलं उत्तर. अशा उत्तरांना मी 'सर्वांत खात्रीची' म्हटलं, छापलं, आणि वर तुझे आभार मानले.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकू. मी म्हटलं, तळटिपेत माझी आत्या मावत नाही. मग मी समितीला दुसरं पत्र लिहिलं. त्यात सांगितलं की माझं आधीचं मत चुकीचं होतं, आम्ही त्या माणसांना खरं सांगता येईल अशा रीतीनं विचारलंच नव्हतं, त्यामुळे या आकड्यावरून ती नाहीत असं म्हणता येत नाही. कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

पण नुसत्या आकड्याची लाज नाही वाटत, आत्या. तरुणांच्या बाबतीत मला सगळं कळत होतं, बाबांना शहाणपण शिकवत होते, आणि तू समोर बसली होतीस. 'तोंडं बघून कंटाळा नाही आला का' असं मी लिहिलं. ते वाक्य आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं. तुमच्याकडे आता दोन इमारती आहेत आणि त्या माझ्या एका पानामुळे आहेत.

मी येऊ का? नको म्हणालात तर नाही येणार.

ठिणगी


१६ मे

ठिणगे,

बाईनं मला न विचारता लिहिलं म्हणून मी तिच्याशी भांडले. जेवणघरात, हळू आवाजात. हळू आवाजात भांडायची आम्हाला सवय आहे, समोरच्याला वाटतं आमटीबद्दल बोलतायत.

तुझ्यावर राग आहे का? आहे. खोटं कशाला बोलू? बाकावर बसून तुझं नाव ऐकलं तेव्हा वाटलं, ही तीच पोर का, कांजिण्या आल्या तेव्हा जिला मी मांडीवर घेऊन बसले होते? राग जाईल. माझा राग फार टिकत नाही, बाईचा टिकतो.

पण लाज वाटते ती माझी मला. तू चूक केलीस ती न कळून. मी कळून केली. ती माझ्या शेजारी बसली होती, तिचा हात टेबलावर माझ्या हाताजवळ होता, आणि मी म्हटलं माझ्यात त्यातलं काही नाही. तिला कसं वाटलं असेल ते विचारायचं धाडससुद्धा मला झालं नाही. ऑपरेशनच्या टेबलाशी मी कधी डगमगले नाही, रक्ताची चिळकांडी उडाली तरी हात स्थिर. आणि इथे भावाच्या एका विनोदाला घाबरले. या वयात. सांगायलासुद्धा शरम वाटते.

तुझं दुसरं पत्र समितीकडे पोचलं आहे. चिटणीस म्हणतात, ज्यांना खोली बदलून हवी आहे त्यांनी समोर येऊन कारण सांगावं, सोबत जवळचा नातेवाईक सहीला आणावा. अर्जातला नात्याचा रकाना मी कोरा ठेवला होता, तो आता भरायचा आहे. नातेवाईक म्हणजे दादाच. त्याला बोलावलं आहे, कशासाठी ते सांगितलेलं नाही. त्याच्यासमोरच सांगून टाकणार आहे. बाईला तसा शब्द दिला आहे.

तू एवढ्यात येऊ नकोस. तुला बघून मला रडू येईल आणि रेडिओवाल्या बाई विचारतील.

आत्या


११ जून

ठिणगे,

आम्हाला खोली मिळाली. दोन खाटा, एक मोठी खिडकी, कपाटाचं दार नीट लागतं. आनंदाची बातमी असूनही इतके दिवस लिहवलं नाही, त्याचं कारण सांगते.

चिटणिसांनी सौम्यपणे विचारलं, "तुमचं दोघींचं नातं काय?" दादा माझ्या डावीकडे, बाई उजवीकडे. वाक्य मी पाठ करून गेले होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "बहीण. माझी सख्खी बहीण."

चिटणीस म्हणाले, "मग आडनावं वेगळी कशी?" त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा नुसता चष्मा पुसत बसला होता. मला वाटलं, आता संपलं. तर तो म्हणाला, "हिचं लग्न झालं होतं हो. यजमान लवकर गेले." आणि सही करून मोकळा झाला. एका दमात बाईला नवरा मिळाला आणि वारलाही.

बाहेर आल्यावर दादानं बाईची पिशवी घेतली आणि म्हणाला, "चल ताई." जन्मात त्यानं तिला ताई म्हटलं नव्हतं. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे. तो मायेपोटी खोटं बोलला की लाजेपोटी, ते मला कळलं नाही, आणि विचारण्याची हिंमत झाली नाही. साधाभोळा भाऊ माझा, त्याला मी उतारवयात खोटं बोलायला लावलं.

बाई माझ्याशी बोलते, औषधं देते, पाय चोळते. पण घरातलं माझं जे नाव आहे ते त्या दिवसापासून तिच्या तोंडून आलेलं नाही. एकदाच म्हणाली, "मला विधवा केलंस ते केलंस, निदान आधी विचारायचं तरी."

आता तुझ्याकडे मागणं आहे. चिटणीस तुझं दुसरं पत्र महिनाअखेरीच्या बैठकीत ठेवणार आहेत. त्यावरून सगळे अर्ज पुन्हा तपासले तर आमचं बिंग फुटेल, दादाचंही नाव जाईल. ते पत्र मागे घेशील का? तुला हे मागताना मला कसं वाटतंय ते लिहीत नाही.

आत्या


१६ जून

प्रिय आत्या,

मागे घेते. उद्या लिहिते चिटणिसांना.

आधी न कळून चुकीचा आकडा दिला होता, आता कळून देणार. ऑफिसात दोन मुली आहेत, बावीस टक्क्यांतल्या, जोडीनं घर शोधतायत. आज जेवताना त्या मला घरमालकांच्या गमती सांगत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवेना. पण तुमची खोली आधी. तुझ्याकडे काही मागायचा मला हक्क नाही, तू मागितलंस हेच खूप.

काल बाबा आईला म्हणाले, "ताईच्या खोलीत पंखा नीट चालतो का विचारायला हवं." आईनं विचारलं, कुठली ताई? ते उठून बाल्कनीत गेले.

ठिणगी


२४ जून

मुली,

पत्र मागे घेऊ नकोस. घेतलं असशील तर पुन्हा पाठव.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझ्या आत्यानं ते मला वाचून दाखवलं. त्या दोन मुलींचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या आजी मला म्हणाल्या, "तुम्ही बहिणी दिसत नाही, पण भांडता मात्र अगदी बहिणींसारख्या." मी हसले, खोलीत आले आणि मला स्वतःची किळस आली. चौतीस वर्षं मी लपले असेन, पण खोटं कधी सांगितलं नव्हतं. गप्प बसणं वेगळं आणि मेलेला नवरा उभा करणं वेगळं.

काल सकाळी मी एकटीच ऑफिसात गेले. चिटणिसांना म्हटलं, आम्ही बहिणी नाही, माझं लग्न झालेलं नाही, नोंद दुरुस्त करा. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तुमच्या... त्यांना बोलवा."

ती आली. मी मनाची तयारी केली होती. ती म्हणेल, बाईचं वय झालंय, डोक्यावर परिणाम झालाय. तिनं टेबलाला धरलं. म्हणाली, "मी खोटं बोलले. माझ्यासाठी माझा भाऊ खोटं बोलला, त्याला यात ओढू नका. आम्ही बहिणी नाही. नवरा-बायको राहतात तशा आम्ही इतकी वर्षं राहिलो." तिचा चेहरा शरमेनं लालभडक झाला होता. मी तो चेहरा ओळखते. आमच्यापायी तिला वाटणारी शरम मी इतकी वर्षं पाहत आले, तेव्हा ती डोळे चुकवते. काल ती सरळ चिटणिसांकडे बघत होती. काल तिला लाज वाटत होती ती खोटं बोलल्याची.

चिटणीस वाईट माणूस नाही, पण नियम त्यांचाही धनी आहे. समितीचा निर्णय होईपर्यंत आम्हाला जुन्या खाटांवर जायला सांगितलं आहे. आज सकाळी सामान हलवलं. ती पुढच्या इमारतीत, मी मागच्या. जेवणघरात आमच्या टेबलावरच्या दोघीजणी उठून दुसरीकडे बसल्या. रेडिओवाल्या बाई उठल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मग ते यजमान कोण होते?" तुझी आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

खोली परत मिळेल की नाही, सांगता येत नाही. तुझ्या बाबांना तीच आज संध्याकाळी फोन करणार आहे. मी शेजारी बसेन, तिला ऐकू आलं नाही तर सांगायला.

हे पत्र मी अंगणातल्या बाकावर लिहिते आहे, ती शेजारी आहे. लिहून झालं ते तिनं वाचलं. म्हणाली, ते 'नवरा-बायको'चं वाक्य खोड, पोरीला लिहायची काय गरज आहे. मी खोडलं नाही, पेन तिच्या हातात दिलं. तिनं पेन घेतलं, वाक्य पुन्हा वाचलं, आणि टोपण लावून ठेवलं.

बाई